जळलेलं पाणी

फुई, आधी शेजारच्या रायकीकाकीचं नाव घेते. मग बाकीचं.

तुझ्या तोंडात चमच्याने पाणी घातलं ते तिने. तुला कुशीवर वळवलं, तुझी गोधडी उन्हात टाकली, तुझ्या कोंबड्या संध्याकाळी हाका मारून कोंडल्या, ते सगळं तिने. घरात रेंज येत नाही म्हणून टेकडीवरच्या महूच्या झाडाखाली जाऊन, फोन डोक्याच्या वर धरून, मला सारखा फोन लावत राहिली तीही तीच. तिचे गुडघे तुला माहीतच आहेत. मी फोन उचलला की आधी बराच वेळ नुसती धाप ऐकू यायची. मला वाटायचं ही धाप तुझीच आहे, तूच चढून आलीस आणि आता बोलशील. मग काकीचा आवाज यायचा, "जमने, ऐकतेस ना?" आणि मी भानावर यायचे.

आता काय झालं ते. तू गेलीस. मला वाटलं होतं हे लिहिताना हात थांबेल. तसा तो थांबला नाही. थांबला तो आधी, "फुई" लिहिताना.

हे मी मराठीत लिहिते आहे म्हणून तू हसशील. मराठीला तू सायबाची भाषा म्हणायचीस. आश्रमशाळेत आठवीपर्यंत जेवढी शिकले तेवढीच माझ्याकडे आहे, बाकी पुण्यात ऐकून ऐकून चिकटली. आपल्या बोलीत लिहायचं कसं हे मला कोणी शिकवलं नाही. म्हणून तुझं बोलणं मी इथे मराठीत मांडते. त्यात तुझा निम्मा तिखटपणा गळून जातो हे मला कळतं, पण करू काय? आणि भीतीही वाटते. मी चुकीचं लिहीन, कोणी वाचून म्हणेल ही अशी नव्हती. मला कशाचीही भीती वाटते हे तुला नवं नाही. कारखान्यातून निघाले की अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन मी नळ बंद आहे का बघते. तो बंदच असतो.

तू माझ्या बापाची थोरली बहीण. पावसाळा सरला की आई-बाप गुजरातेत ऊस तोडायला जायचे आणि मी तुझ्याकडे राहायचे. म्हणून माझं सगळं आठवणं तुझ्या घरात सुरू होतं. फाल्गुनाच्या शेवटाला पहाटे महूखाली, शाळेच्या मराठीत मोहाखाली, चालायचं, पायाखाली ती फिकट फुलं पच् पच् करायची, वरून एकेक टपकत असायचं, आणि तू टोपलीवर वाकलेली. उजाडलेलं नसायचं आणि अंधारही नसायचा. तू तेव्हा बोलायची नाहीस. झाड देत असताना मध्ये बोलायचं नसतं, असं म्हणायचीस. मी झोपेतच वेचायचे. त्यातलं किती खरं वेचलं आणि किती स्वप्नात, हे अजून मला वेगळं करता येत नाही.

त्या झाडाखालचा सपाट दगड तुझा. लग्न असो, होळी असो, नवं धान्य खायचा दिवस असो, ज्याच्या घरी दारू गाळली तो मडकं घेऊन आधी तुझ्या दगडापाशी यायचा. तू सकाळपासून तंबाखू तोंडात धरायची नाहीस, मिरचीला शिवायची नाहीस. चूळ भरायचीस. पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटायचीस आणि डाव्या बाजूला थुंकायचीस. दुसरा घोट गिळायचीस. मग एकच शब्द. "वाटा" म्हणालीस की द्रोण भरायला लागायचे. "सांडा" म्हणालीस की मडकं तिथल्या तिथे उलटं, मग ते कोणाचंही असो. जेठ्याबाबांच्या मुलाच्या लग्नातलं मडकं तू सांडायला लावलंस तेव्हा नवरदेव रडायला लागला होता. तू म्हणालीस, "रडू दे. बायको आयुष्यभर आहे. जळलेली दारू आजच आहे."

कारण सगळ्यात वाईट दोष तो. गाळताना आग जास्त झाली, लक्ष सुटलं, फुलं मडक्याच्या बुडाला लागली की सगळ्या दारूला करपट वास येतो. पातळ दारू तू चालवून घ्यायचीस, आंबूस एखाद वेळी चालवून घ्यायचीस. जळलेली कधी नाही. आपल्याकडे कोणी प्यायच्या आधी जमिनीवर धार पाडतात, गेलेल्या माणसांसाठी. आणि धार पाडायच्या आधी जिवंत माणसाने चाखायची असते. मी लहानपणी विचारलं होतं, असं का. तू म्हणालीस, "मेलेल्याला थुंकता येत नाही गं."

आणि मी जाऊन पोचले कुठे, तर अशा कारखान्यात जिथे मुद्दाम जाळतात.

पुण्याबाहेर तो लहानसा बिअरचा कारखाना. मी बाटल्या धुवायला लागले होते. गावात सगळे म्हणाले पोरगी दारूच्या कारखान्यात चालली. तू म्हणालीस, "मग काय झालं? घरी काय ताकाचा कारखाना आहे का?" त्या एका वाक्यावर बापाने मला जाऊ दिलं. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात असं म्हणायची पद्धत नाही. आज म्हणते. फुई, तुझ्यामुळे मी तिथे आहे.

तिथल्या मॅडम स्वतः बिअर बनवतात. बनवायचं शिकायला त्या परदेशात गेल्या होत्या. सकाळी मोठ्या भांड्यात गरम पाण्यात भरडलेलं माल्ट पडतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. त्याची वाफ उठते आणि सगळ्या शेडमध्ये गोड, ओला वास भरतो. माझ्या पहिल्या दिवशी तो वास आला आणि हातातली बाटली हातातच राहिली. तू महू भिजत घालायचीस तेव्हा घरभर जो वास असायचा त्याचा हा कोणीतरी नात्यातला. सख्खा नाही, लांबचा. त्या वाफेत मॅडमचं डोकं दिसेनासं व्हायचं आणि मला वाटायचं, वाफ सरली की तिथे तू असशील, पदर खोचलेली. अजूनही वाटतं. आता जास्तच वाटतं. खोलीवर झोपते तेव्हा टाक्यांची घरघर कानात असते, आणि पहाटेच्या सुमाराला त्या टाक्यांवर फुलं टपकायला लागतात. टप. टप. मी टोपली शोधत उठते.

बाटल्या धुता धुता मी टाक्या धुवायला लागले, मग मोजून माल्ट द्यायला. मॅडमकडे एक रीत आहे. नवीन बिअर तयार झाली की कामावरचे सगळे टेबलाभोवती बसतात, झाडणारे मामासुद्धा. लहान लहान ग्लास. प्रत्येकाने एक काहीतरी बोलायचंच. कोणी चॉकलेट म्हणतं, कोणी कॉफी. मी आयुष्यात पहिल्यांदा स्टाऊट प्यायले ती त्या टेबलावर. काळी बिअर, वर बदामी रंगाचा जाड फेस. माझी पाळी आली. चॉकलेट मला तिच्यात सापडेना. मी म्हणाले, "चूल विझल्यावर सकाळी राख ओढताना येतो ना, तसा वास." मामा म्हणाले, "मग पिऊ नकोस, भांडी घास." सगळे हसले, मीही हसले. मॅडमने मात्र फळ्यावर लिहिलं, "विझलेली चूल."

गेल्या होळीला मी तीच तुझ्याकडे घेऊन आले. आठवतं?

तू बाटली उन्हात धरलीस. "यातून ऊन पलीकडे जात नाही."

"काळी असते ती, फुई. भाजलेल्या धान्याची."

तू द्रोणात ओतलीस तर फेस वर चढला. तू हात लांब केलास. "अगं, ही उकळतेय. गार आहे आणि उकळतेय!"

रायकीकाकी चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "साबण घातला असेल. पुण्याला साबण फार वापरतात."

मग तू तुझं नेहमीचं केलंस. चांगली पहिल्या धारेची निखाऱ्यावर टाकली की भप्प करून निळी पेटते, म्हणून तू चमचाभर काळी चुलीत टाकलीस. चुर्रर झालं. राख उडून तुझ्या भुवयांवर बसली आणि निखारा विझला.

"चूल विझवली हिने!"

"ठेव ठेव," काकी म्हणाली, "वणवा लागला की वनखात्याला देऊ."

मी घाईघाईने सांगत होते, बिअर पेटत नसते, ती हलकी असते. तू ऐकत नव्हतीस. तू चूळ भरत होतीस. तू चूळ भरलीस म्हणजे थट्टा संपली होती, तू दगडावर बसली होतीस, जरी घरात असलीस तरी. पहिला घोट. डोळे मिटले. डाव्या बाजूला थुंकलीस. दुसरा घोट गिळलास. मी तुझ्या गळ्याकडे बघत राहिले, घोट खाली जाताना.

"हे जळलंय," तू म्हणालीस. मग थोडं थांबून, "आणि हे पाणी आहे. माणूस पाणी कसं जाळतो गं?"

काकी इतकी हसली की तिला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. होळीच्या नाचात पोरं ढोलाच्या आडून ओरडत होती, "जमना, जळलेलं पाणी आणलंस का?" मी हसत होते, पण मला लागलं होतं. रात्रभर तुझ्याशी मनात भांडत राहिले, आणि सकाळी तू ज्वारीची भाकरी थापत असताना खरंच भांडायला बसले.

"मक्याचं कणीस तू जाळावर धरतेस. महूची फुलं तव्यावर भाजून खातेस. त्याला जळलं म्हणतेस का?"

"ते भाजलेलं."

"मग फरक काय?"

तू भाकरी उलटलीस. "भाजताना माणूस समोर असतं. जळतं ते पाठ फिरली की." आणि मग माझ्याकडे बघितलंस. "ते धान्य भाजताना तू समोर होतीस?"

"नाही. भाजलेलं गोणीतून येतं."

"कुठून?"

"बाहेरच्या देशातून. जहाजातून."

"मग तुला काय माहीत भाजलं का जळलं?"

जीप सुटायच्या वेळी मी चिडून म्हणाले, "मग सरळ सांडा म्हण ना." तू ते म्हणाली नाहीस. वाटा पण म्हणाली नाहीस. नुसती जीपच्या दांड्याला धरून उभी राहिलीस, "नीट बस, दाराला टेकू नको," म्हणत.

ती उरलेली अर्धी बाटली तू सांडली नाहीस, हे मला आता काकीने सांगितलं. खाटेखाली ठेवलीस आणि रोज संध्याकाळी बूच काढून एक घोट घ्यायचीस. ती आंबून गेली तरी. काकी विचारायची, कशी आहे? तू म्हणायचीस, "अजून जळलेलीच." फुई, एवढं बघत बसण्यासारखं काय होतं गं तिच्यात?

दिवाळीनंतर मी मॅडमना विचारलं, मी थोडं धान्य स्वतः भाजू का. घरची ज्वारी होती माझ्याकडे, तूच दिलेली. विचारताना माझा आवाज एवढा बारीक झाला की त्यांना दोनदा ऐकावं लागलं. त्या म्हणाल्या, "भाज. लहान भांड्यात वेगळी बनवू. जमना, एक मात्र आहे. तव्यापासून हलायचं नाही."

मला हसू आलं. तूच बोलल्यासारखी वाटलीस.

मी शेडच्या मागे लोखंडी तवा मांडला. ज्वारी आधी पिवळी झाली, मग मातीच्या रंगाची, मग तुझ्या दंडाच्या रंगाची, मग त्याच्याही पुढे. मी हलवत होते. समोर होते. धूर डोळ्यात जात होता आणि त्या धुरात ते मागचं माळरान, त्याच्यापलीकडच्या बिल्डिंगी, सगळं विरघळून टेकडीसारखं झालं होतं. इतकं बरं मला पुण्यात कधीच वाटलं नव्हतं. तुला दाखवायचं होतं. बघ, मी समोर आहे.

तेव्हा फोन वाजला. आधी धाप. मग, "जमने, ऐकतेस ना? फुई पडून आहे. उठत नाही. तू काळजी करू नको, मी आहे. ती विचारते, काळीचं काय झालं?"

काकीला मी किती वेळ काय काय विचारत राहिले, आठवत नाही. वळले तेव्हा तव्याच्या कडेची ज्वारी काळीठिक्कर झाली होती. ती वेचून टाकली. एकेक दाणा. बोटं भाजली तरी वेचत राहिले. सगळी निघाली असं वाटलं, आणि दुसरी ज्वारी नव्हती.

हे मी काकीला सांगितलेलं नाही. तिने गुडघे मोडत टेकडी चढून फोन लावला आणि तिच्या त्या फोनमुळे माझी पाठ फिरली, हे तिला कशाला सांगायचं? तुझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही.

बिअर तयार झाली तेव्हा टेबलावर सगळ्यांना आवडली. मामा म्हणाले, "या वेळी चूल पेटलेली आहे." मॅडम म्हणाल्या, "मागून थोडा धूर येतोय, मस्त आहे." मला तेव्हा आनंदाशिवाय काही लागलं नाही. मी एक बाटली तुझ्यासाठी वेगळी काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली. येत्या होळीला न्यायची होती. पुन्हा काकीचा फोन आला. या वेळी धाप संपल्यावर ती बोललीच नाही.

बस पहाटे नंदुरबारला पोचली. तिथे मिरचीच्या वासाने सगळ्यांचेच डोळे पाणावलेले असतात, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. खापरला जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरने मात्र मागे वळून विचारलं, "काय शे वं त्या पिशवीमा? लेकरूसारखी धरी बठनी."

"फुईसाठी आहे," मी म्हणाले.

"मंग टाक ना टपवर."

मी टाकली नाही. खिडकीतून शेतं जात होती, पळस पेटलेले होते, आणि मला गुंगी येत होती. मध्येच वाटलं आपण जाणारी नाही, येणारी आहोत, गेल्या वर्षीच्या जीपमध्ये आहोत, तू अजून दांड्याला धरून उभी आहेस आणि जीप सुटलीच नाही. वळणावर डोकं दाराला आपटलं. दाराला टेकू नको म्हणाली होतीस.

तुला नेऊन झालं होतं. काकी ओट्यावर बसली होती, तुझ्या कोंबड्या तिच्या पायाशी. मला बघून म्हणाली, "आलीस? हात-पाय धू, चहा ठेवते." आणि चहा ठेवता ठेवता चुलीत बघत रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ तुझ्यापेक्षा रुंद आहे.

तुझ्या कार्याच्या दिवशी सगळे महूखाली जमले. पळसाच्या पानांचे द्रोण लावले. काकीने तिच्या घरातून एक मडकं आणलं. ती तू पडायच्या आधी गाळलेली शेवटची दारू होती, तिने जपून ठेवलेली. मी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले होते. तुझ्या दगडावर कोणीच बसलं नव्हतं.

जेठ्याबाबा धार पाडायला उठले आणि थांबले. "चाखणार कोण?"

इतकी वर्षं हा प्रश्न पडलाच नव्हता.

काकीने कोपराने मला ढोसलं. "जमने, काढ ती."

"नको काकी."

"काढ. तिने शेवटपर्यंत विचारलं तिचं."

मी टॉवेल सोडला. जेठ्याबाबांनी बाटलीकडे बघितलं. "हे ते जळलेलं पाणी?"

"हे दुसरं आहे, बाबा. हे मी भाजलंय. आपल्या ज्वारीचं."

मागून कोणीतरी म्हणालं, "इंजनाचं ऑइल दिसतंय," आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. जेठ्याबाबा विचार करत होते. त्यांच्या मुलाचं मडकं तू सांडलेलंस; तरी तुझ्या दिवसाला तेच उभे होते. म्हणाले, "तिला पाडायची तर पाडू. तिला पाहिजे होती. पण जळलेली असेल तर नाही. जळलेली आपण कोणाला पाडली नाही, तिला तर नाहीच." मग माझ्याकडे बोट केलं. "तू तिच्या घरात वाढलीस. तूच चाख. दगडावर बस आणि चाख."

फुई, मी जाऊन तुझ्या दगडावर बसले. दगड गार होता. माझ्या हाताने मीच बनवलेलं, मीच चाखायचं, आणि वाटा म्हटलं की तुला मिळणार होतं. वर्षभर मला तेवढंच हवं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, त्यांनाही बहुतेक तेच हवं होतं. पोरगी एवढ्या लांबून आली आहे, म्हणू दे. मॅडमनी मस्त म्हटलं होतं. मामांनी म्हटलं होतं. एक शब्द तर बोलायचा.

मी चूळ भरली. पहिला घोट तोंडात धरला आणि डोळे मिटले. आत अंधार होता, तुझ्या घरातला, दार लोटल्यावरचा. आधी ज्वारी आली. मग गोडवा, मग कडू, बरं कडू. भाजलेलं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी डाव्या बाजूला थुंकले. दुसरा घोट घेतला, गिळला, आणि तो घशाखाली गेल्यावर, अगदी मागून, कोणीतरी दाराआडून डोकवावं तसं ते आलं. करपट. एवढंसं. मॅडमना जो धूर वाटला होता तो. तो धूर नव्हता. तो तव्याच्या कडेचा माझा फोन होता.

वरून महूची पहिली फुलं पडायला लागली होती. एक माझ्या पायाशी पडलं.

मेलेल्याला थुंकता येत नाही.

"सांडा," मी म्हणाले.

कोणालाच ते ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण जेठ्याबाबांनी मान हलवली, हळूच, दोनदा. मी बाटली उलटी करायला गेले तर काकीने मनगट धरलं.

"सांडायची तर माझ्या पोटात सांड. मी काय मेलेली नाही, मला थुंकता येतं."

आणि ती प्यायली. सगळी. मध्ये मध्ये तोंड वाकडं करत, पण थुंकली नाही. शेवटी ढेकर दिला, ओठ पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कडू आहे. पण म्हातारी काय गोड होती?"

तुझ्या कार्याला लोक हसले, फुई. जेठ्याबाबांचे खांदे हलत होते. मी हसता हसता रडायला लागले आणि रडता रडता दगडावरून उठायला लागले, तर ते म्हणाले, "उठू नको. अजून एक राहिलंय." आणि तुझं मडकं माझ्यापुढे ठेवलं.

मी पुन्हा चूळ भरली. तुझी शेवटची दारू. तू आजारीच असशील गाळताना, पाठ दुखत असेल, डोळ्यांना दिसतही नसेल नीट. मी भीत भीत जिभेवर घेतली. मागपर्यंत जाऊन शोधलं. कुठेच नव्हतं. पाठ फिरवली नव्हतीस तू.

"वाटा," मी म्हणाले, आणि हा शब्द मात्र टेकडीखाली ऐकू गेला असेल.

जेठ्याबाबांनी धार पाडली. माती काळी झाली. तुला मिळाली ना?

मी परत आले आहे. मॅडमना सांगितलं की तो धूर नव्हता. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा एक घोट घेतला. म्हणाल्या, "मला अजूनही आवडते." मग म्हणाल्या, "पण परत भाज." येताना काकीने ज्वारी बांधून दिली आहे. आपला वाद आहे तसाच आहे. तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. भाजलेलं आणि जळलेलं यांत फरक असतो, आणि मी तो बनवून दाखवणार आहे. तेव्हा दगडावर बसून स्वतः चाखेन, आणि वाटा म्हणता आलं तर तुला पाडेन. नाही आलं तर काकी आहेच.

निघताना मी काकीच्या पाया पडले आणि म्हणाले, तू फुईसाठी जे केलंस ते मी कसं फेडू? तिने माझ्या हातात कोंबडीची दोन अंडी कागदात गुंडाळून दिली. "पुण्यापर्यंत फुटायला नकोत, तेवढं बघ," म्हणाली.

फुटली नाहीत. मांडीवर आणली.

तेव्हा तिला सांगता आलं नाही ते तुला सांगते, तू साक्षी राहा. काकीचे गुडघे एक दिवस तिला टेकडी चढू देणार नाहीत. तिचा मुलगा सुरतेला आहे, सून त्याच्याबरोबर आहे. तिला कोणीतरी पाणी पाजावं लागेल, कुशीवर वळवावं लागेल, तिच्या कोंबड्यांना हाका मारून कोंडावं लागेल. त्या दिवशी मी फोनच्या या टोकाला नसेन. तवा चुलीवरून उतरवून ठेवेन, नळ बंद आहे का ते परत जाऊन बघणार नाही, आणि काकी पडायच्या आधी पोचेन. चमचा माझ्या हातात असेल.